शिकविणाऱ्याचे शिकणे : वृत्ती, लोकदबाव आणि धम्मपरंपरा

शिक्षक समाज घडवितो, हे वाक्य आपल्या सभांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याचा अर्थ आता झिजून गेला आहे. हा घडविणारा स्वतः पुढे घडतो काय, घडत नसेल तर त्याला कोण अडविते, आणि घडत असेल तर कोणाच्या बळावर, या प्रश्नांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. पालीच्या वर्गांना येणाऱ्यांत शिक्षकांचा भरणा नेहमीच मोठा असतो. कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवितात, कोणी खाजगी माध्यमिक विद्यालयात, तर कोणी कनिष्ठ महाविद्यालयात. प्रवेश घेण्यापूर्वी ते जे विचारतात, त्यात अभ्यासक्रमासंबंधीचे प्रश्न थोडे असतात, असा आमचा अनुभव आहे. मुख्याध्यापक परवानगी देतील काय, सहकारी हसतील काय, घरी काय सांगावे, वेतनश्रेणीत याचा काही लाभ आहे काय, असेच त्यांचे बहुतेक प्रश्न असतात. ते विषयाविषयी नसून माणसांविषयी असतात.

म्हणून आम्हास असे वाटते की शिक्षकाचा पुढील शिक्षणाचा निर्णय वरवर पाहता त्याच्या एकट्याचा असला, तरी वस्तुतः तो त्याच्या भोवतालच्या समाजाने अर्ध्याहून अधिक आधीच घेऊन ठेवलेला असतो. ज्ञानाची तळमळ ही शिक्षकाची वृत्ती होय. परंतु त्या वृत्तीला वाट देणे किंवा तिची वाट बुजविणे हे लोकांच्या हाती असते. या विधानाची सत्यता पाहण्यासाठी प्रथम आपण पाली वाङ्मयाकडे वळू आणि नंतर महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासाकडे येऊ.

१. रांजण आणि ओगराळे

राजगृहाजवळ सञ्जय नावाचा परिव्राजक अडीचशे शिष्यांसह राहत होता. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे त्याचे पट्टशिष्य. अस्सजी थेरांकडून धम्माचे सार कानी पडताच या दोघांनी तथागतांकडे जाण्याचा निश्चय केला आणि आपल्या आचार्यालाही बरोबर नेण्याची इच्छा धरली. महावग्गात या प्रसंगाची जी हकीकत आहे, तीत सञ्जय त्यांना तीनदा थोपवितो. जाऊ नका, आपण तिघे मिळून हा गण सांभाळू, असे तो सुचवितो. म्हणजे शिकू इच्छिणाऱ्यांना तो अधिकाराचा वाटा देऊ करतो. जेथे धमकी चालत नाही तेथे पद पुढे करावे, ही रीत किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

धम्मपद-अट्ठकथेत सञ्जयाच्या मनाचा याहून खोल ठाव घेतला आहे. मी आजवर पुष्कळ लोकांचा आचार्य म्हणून वावरलो. आता कोणाचा अन्तेवासिक होऊन राहणे म्हणजे रांजणाने ओगराळे होण्यासारखे आहे, अशा आशयाचे उत्तर तो देतो. ही उपमा लक्षात ठेवण्याजोगी आहे. सञ्जयाने तथागतांच्या धम्मात दोष दाखविला नाही. त्याचे खंडनही केले नाही. ज्यांच्यासमोर आपण आजवर रांजण म्हणून उभे राहिलो, त्यांच्यासमोर लहान दिसण्याचे धैर्य त्याला झाले नाही, इतकेच. त्याच्या नकाराचे कारण लोकांच्या डोळ्यांत होते.

याच्या उलट उदाहरण उरुवेल कस्सपाचे. हा जटिलांचा नायक, पाचशे शिष्यांचा आचार्य. महायज्ञाच्या दिवशी अंग-मगधाचे लोक जमणार, तेव्हा हा महाश्रमण येथे आला तर त्याचा लाभसत्कार वाढेल आणि आपला घटेल, या चिंतेने तोही प्रथम व्याकूळ झाला होता. पुढे जेव्हा त्याचे मन वळले आणि त्याने प्रव्रज्या मागितली, तेव्हा तथागतांनी त्यास आधी आपल्या पाचशे शिष्यांना विचारण्यास सांगितले. तुझ्या निर्णयाने ज्यांचे जीवन बदलणार आहे, त्यांना तो कळू दे आणि त्यांना आपला मार्ग ठरवू दे, असा या सूचनेचा अर्थ आहे. शिष्यांनी संमती दिली आणि मग आचार्य व शिष्य सारेच शिकाऊ झाले.

तरीही लोकांचा प्रश्न उरलाच. लट्ठिवनात बिंबिसार राजासह मगधाचे ब्राह्मण-गृहपती जमले, तेव्हा त्यांच्या मनात शंका आली की महाश्रमण कस्सपाकडे शिकतो, की कस्सप महाश्रमणाकडे? वयोवृद्ध व प्रख्यात आचार्य तरुण श्रमणाचा शिष्य होईल, हे त्यांना पटत नव्हते. तथागतांनी ती शंका तशीच राहू दिली नाही. त्यांनी कस्सपालाच सर्वांसमक्ष बोलते केले आणि कस्सपाने तथागत आपले शास्ते असून आपण श्रावक आहोत, हे उघडपणे सांगितले. सञ्जयाला ज्याची भीती वाटली तेच कस्सपाने भरसभेत केले. पण कस्सप एकटा नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावे. त्याच्या मागे त्याचे शिष्य होते आणि पुढे त्याचा मान राखणारा शास्ता होता. त्याच्या धैर्याला असा आधार मिळाला होता.

२. रित्या पोठिलाची कथा

आचार्याने पुन्हा विद्यार्थी होण्याची सर्वांत मार्मिक कथा धम्मपदाच्या मग्गवग्गातील एका गाथेच्या अट्ठकथेत आहे. पोठिल थेर त्रिपिटकाचे जाणकार होते आणि पाचशे भिक्खूंना पाठ देत असत. परंतु स्वतःच्या मुक्तीसाठी त्यांनी काहीच साधना केली नव्हती. ते भेटीस येत तेव्हा तथागत त्यांना ‘तुच्छ’ म्हणजे रिकामा, या विशेषणाने संबोधू लागले. ये म्हणताना रिता पोठिल, बस म्हणताना रिता पोठिल, जा म्हणतानाही रिता पोठिल. एवढा मोठा अध्यापक आणि शास्ता त्याला रिता म्हणतो! हा शब्द पोठिलांना झोंबला. कोणालाही न सांगता ते पहाटेच पात्रचीवर घेऊन निघाले आणि एकशे वीस योजने चालून एका अरण्यविहारी पोहोचले.

तेथे तीस भिक्खू होते. पोठिलांनी संघथेरांना आधार मागितला. आपण धर्मकथिक, आम्हीच आपणांकडून काही शिकावयाचे, असे म्हणून त्यांनी पोठिलांना आपल्याहून कनिष्ठ थेरांकडे पाठविले. त्या थेरांनी आणखी कनिष्ठांकडे पाठविले. असे होत होत अखेर ते सुईने शिवणकाम करीत बसलेल्या सात वर्षांच्या सामणेरापाशी आले. विद्येमुळे आलेला मान मोडावा म्हणून हे केले गेले, असे अट्ठकथाकार सांगतात. सामणेरानेही प्रथम नकारच दिला. मग सांगेन ते ऐकण्याची तयारी आहे काय, असे विचारून त्याने थेरांना अंगावरच्या उंची चीवरासह समोरच्या तळ्यात उतरण्यास सांगितले. थेर उतरू लागले. चीवराचा काठ भिजताच सामणेराने त्यांना परत बोलाविले, आणि सहा भोकांच्या वारुळात शिरलेल्या घोरपडीचा दृष्टान्त देऊन सहा इंद्रियांच्या संवराचा मार्ग दाखविला.

या कथेत शिक्षकाच्या पुढील शिक्षणास लागणाऱ्या सर्व गोष्टी आल्या आहेत. उणीव दाखविणारा हितचिंतक आहे, दूर जाण्याचे कष्ट आहेत, प्रतिष्ठेचे ओझे उतरविणे आहे आणि वयाने लहान अशा गुरूचा स्वीकार आहे. परंतु पोठिल पहाटे कोणालाही न सांगता का निघाले, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे. पाचशे शिष्यांना आपण शिकावयास जात आहोत हे सांगणे त्यांना जड गेले असावे, असे आम्हास वाटते. आजही कित्येक शिक्षक परीक्षेचा अर्ज गुपचूप भरतात, तो याच संकोचाने.

३. विनयाने केलेली सोय

व्यक्तीचे धैर्य सर्वांना साधत नाही. म्हणून संघाने नियमांतच शिकण्याची सोय करून ठेवली. विनयपिटकातील तीन तरतुदी या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली तरतूद आसनाची. संघात ज्येष्ठतेप्रमाणे आसन मिळते. मग कनिष्ठ भिक्खू ज्येष्ठांना पाठ देत असेल तर काय करावे? चुल्लवग्गाच्या सेनासन-खन्धकात याचा निर्णय आहे. धम्माच्या आदरापोटी शिकविणारा कनिष्ठ समान किंवा उंच आसनावर बसू शकतो आणि शिकणारा थेर समान किंवा खालच्या आसनावर बसू शकतो. ज्येष्ठाने खाली बसणे ही त्याची मानहानी न राहता तो धम्माचा गौरव ठरला. सञ्जयाला जी लाज अडवीत होती तिचे मूळच येथे उपटून काढले आहे.

दुसरी तरतूद रजेची. वर्षावासात भिक्खूने स्थान सोडावयाचे नसते. परंतु एखाद्या उपासकाला किंवा उपासिकेला एखादे सुत्त मुखोद्गत असेल आणि ते नष्ट होण्यापूर्वी भदन्तांनी येऊन शिकून घ्यावे असा निरोप तिने धाडला, तर सात दिवसांसाठी जाण्याची अनुज्ञा महावग्गात आहे. आजच्या भाषेत ही अध्ययनरजाच होय. शिकविणारी गृहस्थ स्त्री आणि शिकणारा भिक्खू, हे चित्र अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात किती धाडसाचे होते, याची कल्पना वाचकांनी करावी.

तिसरी तरतूद चौकशीची. तरुण भिक्खू दूर देशी जाऊ लागला तर आचार्य-उपाध्यायांनी कोठे जाणार आणि कोणाबरोबर जाणार, हे विचारावे, असे सांगितले आहे. जाणारा आणि त्याचा सोबती दोघेही अजाण असतील तर अनुज्ञा देऊ नये. येथे वडीलधाऱ्यांच्या अधिकाराला हिताची मर्यादा घातली आहे. जाणाऱ्याचे भले होईल काय, एवढेच पाहावयाचे. आपली सेवा कोण करील, हा विचार त्या चौकशीत बसत नाही.

४. नॉर्मल स्कूल आणि पहिली पिढी

आता आपण महाराष्ट्राकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा वाढल्या तेव्हा शिक्षकांना शिकविण्याची विद्या देण्यासाठी नॉर्मल स्कूले निघाली. परंतु तेथे जाणार कोण? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात याचे उत्तर आहे. प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सारे ब्राह्मण आहेत, त्यांपैकी प्रशिक्षित थोडे आहेत, पगार तुटपुंजा आहे, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून प्रशिक्षित शिक्षक तयार करावेत, असे त्यांनी मांडले. शिक्षक कोठून येतो आणि कोणात मिसळतो, यावर शिक्षणाचे फळ अवलंबून असते, ही त्यांची दृष्टी होती. त्याआधी क्रांतिज्योती सावित्रीबाईंनी शिकविण्यासाठी शिकण्याचा मार्ग धरला, तेव्हा समाजाने घरावर दबाव आणला आणि १८४९ साली या दांपत्यास घर सोडावे लागले. स्त्रीने शिकणे हाच अपराध मानला जात होता, मग शिकविण्यासाठी शिकणे तर दुहेरी अपराध ठरला.

अस्पृश्य समाजाला नॉर्मल स्कूलची वाट लष्करातून सापडली. लष्करात शिक्षण सक्तीचे होते आणि पलटणींच्या शाळांना शिक्षक लागत. सुभेदार रामजी सकपाळ यांनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. त्यांच्या घरी वाचनाचा जो परिपाठ होता, त्याचे फळ साऱ्या भारताने पाहिले. परंतु १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली आणि ही वाटही अरुंद झाली. शिकण्याची वृत्ती होती, पण सरकारच्या एका निर्णयाने तिचे दार लोटले गेले.

५. सिडनॅममधील सोळा महिने

शिक्षकाने पुढे शिकण्याच्या निर्णयाचे आपल्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ उदाहरण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी आपण पुष्कळ बोलतो; पण ते प्राध्यापकाची खुर्ची सोडून पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर जाऊन बसले, या गोष्टीचा विचार पुरेसा झालेला नाही.

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस परतले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडनच्या विद्यापीठाकडून त्यांनी मिळविली होती. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर गेले. तेथे राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. अखेर त्यांना मुंबईस परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. विद्यार्थी आरंभी उदासीन होते, परंतु त्यांचे अध्यापन असे की लवकरच बाहेरच्या महाविद्यालयांचे विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकण्यास येऊ लागले. मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. ज्ञान चालले, पण हात चालला नाही.

या स्थितीत त्यांच्यापुढे किती ओढी होत्या ते पाहावे. एकीकडे मानाचे पद आणि निश्चित वेतन होते. ज्या समाजात महिन्याकाठी असे वेतन आणणारा माणूस कोणी पाहिला नव्हता, त्या समाजात ते सोडणे म्हणजे वेडेपणा ठरण्याचाच संभव. दुसरीकडे घरची जबाबदारी होती. परळच्या चाळीतील दोन खोल्यांचा संसार माता रमाई काटकसरीने चालवीत होत्या. तिसरीकडे समाजाचे काम होते. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत छत्रपती शाहू महाराजांनी तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशी ग्वाही अस्पृश्य समाजास दिली. वर्षानुवर्षे मुका असलेला समाज बोलू लागला होता आणि त्याचा आवाज असलेला माणूस हाकेच्या अंतरावर हवा होता.

त्याच मार्च महिन्यात त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. वेतनातून शिल्लक टाकलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांजकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्या बळावर हे प्रस्थान झाले. १९२१ साली एम्.एस्‌सी., १९२२ साली बॅरिस्टरी आणि १९२३ साली डी.एस्‌सी. अशी फळे त्यातून आली. ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपांमुळे पुन्हा लिहून द्यावा लागला. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी तेही काम तडीस नेले.

येथे विरोधकांचा दबाव त्यांनी झुगारला, एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. द्वेषाचा दबाव झुगारणे तेजस्वी माणसास तुलनेने सोपे असते. प्रेमाचा आणि गरजेचा दबाव अधिक कठीण. आपला समाज आपणास येथे मागतो आहे हे दिसत असताना, त्याच समाजासाठी तीन वर्षे दूर जाऊन अपुरे ज्ञान पुरे करावे, हा निर्णय घेण्यास फार दूरची दृष्टी लागते. अर्धे ज्ञान घेऊन केलेले पुढारीपण समाजास महाग पडते, हे त्यांनी ओळखले होते. आणि शाहू महाराज हे जाणत होते म्हणूनच, माणगावात ज्याला पुढारी म्हटले त्याला त्यांनी मुंबईत धरून ठेवले नाही. जाण्यास मदत केली. माता रमाईंनी त्या वर्षांत सोसलेले दारिद्र्य हे तर या निर्णयाचे न मोजलेले मोल होय. एका शिक्षकाच्या पुढील शिक्षणामागे असे तीन-चार आधार उभे होते.

पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात बाबासाहेबांनी पालीचा अभ्यास हाती घेतला आणि पाली शब्दकोश व व्याकरण यांचे काम केले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात ते पाहावयास मिळते. कोट्यवधींचा शास्ता उतारवयात धातुरूपे लिहून काढीत होता, हे दृश्य ‘आता या वयात कशाला’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा डोळ्यांपुढे आणावे.

६. पालीचे शिक्षक

महाराष्ट्रात पालीचे अध्यापन रुजविणाऱ्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा प्रवासही येथे आठवतो. १८९९ साली पत्नी आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते गोव्यातून ज्ञानाच्या शोधार्थ निघाले. श्रीलंकेत विद्योदय परिवेणात सुमंगल थेरांपाशी पाली शिकले. परतल्यावर कलकत्त्याच्या विद्यापीठात त्यांस पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. परंतु महाराष्ट्रात ही विद्या नेता यावी म्हणून ते काम सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर समाधान मानले. १९१२ ते १९१८ या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते आणि त्या आधी व नंतर ‘विसुद्धिमग्गा’च्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले. या थोर त्यागाचे मोल मागे राहिलेल्या स्त्रीने दिले, हे आपण नजरेआड करता कामा नये. पुरुष शिक्षकाच्या ज्ञानयात्रेला समाज त्याग म्हणतो. तेच स्त्रीने केले असते तर कोणता शब्द वापरला असता, हे सांगण्याची गरज नाही.

राहुल सांकृत्यायन १९२७ साली श्रीलंकेच्या विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकविण्यास गेले आणि तेथेच त्रिपिटकाचे विद्यार्थी झाले. एकाच परिवेणात सकाळी आचार्य आणि दुपारी अन्तेवासिक होण्यात कोणाला काही विपरीत वाटले नाही, कारण विनयातील आसनाची ती जुनी रीत तेथे जिवंत होती.

७. १९५६ नंतर

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजातील शिक्षकाचे स्थान एकदम बदलले. गावात वंदना घेणारा तोच, विवाहविधी लावणारा तोच, जयंती समितीचा चिटणीस तोच, आणि अर्ज लिहून देणाराही तोच. भिक्खू थोडे आणि गावे पुष्कळ, अशा स्थितीत प्राथमिक शिक्षकानेच धम्माची ज्योत तेवत ठेवली. हे ऋण मोठे आहे. पण याच सन्मानाने त्याच्या शिकण्याला बांधूनही टाकले. गुरुजींना सर्व येते, असे एकदा गावाने ठरविल्यावर गुरुजींनी शिकावयास जाणे म्हणजे काहीतरी येत नव्हते अशी कबुली ठरते. गाव मोठ्या प्रेमाने त्याला रांजण करून ठेवते.

सरकारी धोरणाचा दबाव निराळा होता. बौद्ध म्हणून नोंद केल्यास केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नसत. त्या १९९० सालच्या दुरुस्तीनंतरच मिळू लागल्या. चौतीस वर्षे आपल्या शिक्षकाला कागदावर कोणता धर्म लिहावा, यासाठीही मनाशी झगडावे लागले. अशा काळात ज्यांनी पालीसारखा विषय घेऊन बहिःस्थ विद्यार्थी म्हणून एम.ए. केले, त्यांना पालीचा उपयोग काय, हा प्रश्न परक्यांनी विचारला आणि आपल्यांनीही विचारला.

स्त्री शिक्षकांची वाट याहून बिकट. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी ओझी वाहून पोट भरले, एका मिशनरी स्त्रीच्या साहाय्याने त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. परंतु त्यांची जात कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. पुढे १९२० च्या दशकात त्यांनी मुलींसाठी स्वतःची शाळा काढली. आज असा उघड बहिष्कार क्वचित दिसतो. पण शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि सासू-सासऱ्यांची शुश्रूषा यांतून वही उघडण्यास रात्रीचे अकरा वाजतात, आणि त्या वेळी दिवा चालू ठेवण्यावरूनही बोलणे ऐकावे लागते. पटाचाराने भिक्खुनी होऊन अनेक स्त्रियांना शिकविले, हे आपण अभिमानाने सांगतो; आपल्या घरातील शिक्षिकेला मात्र परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाकातून सुटका देत नाही.

८. तीन परियत्ती

शासनाने शिक्षकाच्या पुढील शिक्षणाला उत्तेजन दिले नाही, असे नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने नोकरी सांभाळून शिकण्याची सोय केली. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी १९८७ पासून उजळणी वर्ग व उद्बोधन वर्ग सुरू झाले आणि ते पदोन्नतीशी जोडले गेले. शाळांत बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळविताना प्रशिक्षण व अर्हता यांच्या अटी आल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. म्हणजे पूर्वी न शिकण्याचा दबाव होता, आता शिकण्याचा दबाव आला. नियमही बदलत राहतात. कित्येकांनी कष्टाने मिळविलेली एम.फिल. ही पदवीच २०२२ च्या नियमांनी बंद झाली.

दबावाखाली घेतलेले शिक्षण टाकाऊ असते काय? अट्ठकथाकारांनी परियत्तीचे, म्हणजे अध्ययनाचे, तीन प्रकार सांगितले आहेत. लाभ व वादविजय यांसाठी केलेले अध्ययन हे चुकीच्या जागी धरलेल्या सापासारखे. ते धरणाऱ्यालाच डसते. मुक्तीसाठी केलेले अध्ययन हे दुसरे. आणि ज्याचे स्वतःचे कार्य झाले आहे त्याने केवळ परंपरा टिकावी म्हणून भांडाराच्या रक्षकाप्रमाणे केलेले अध्ययन हे तिसरे. वेतनवाढीच्या इच्छेने कोणी शिकू लागला तर त्याची निंदा करू नये, असे आमचे मत आहे. ज्याच्या घरी शतकानुशतके भूक होती, त्याने दोन पैशांचा विचार करणे हा दोष नव्हे. पोठिल तरी प्रथम दुखावलेल्या मानामुळेच निघाले होते. पोहोचले मात्र मुक्तीपाशी. आरंभीचा हेतू लहान असू शकतो. वाटेत त्याला मोठा करणारे आचार्य आणि सोबती भेटले पाहिजेत. ते न भेटल्यास पदवी हाती येते आणि ज्ञान दारातच राहते.

येथे विहारांचे काम सुरू होते. पालीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परंतु दर्जाने वर्ग भरत नाहीत. ते शिकणाऱ्या शिक्षकांनी भरतात. शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत विहारात अभ्यासवर्ग ठेवावा. परीक्षेच्या महिन्यांत शिक्षकास समित्यांच्या कामातून मोकळे करावे. शिक्षिकांच्या मुलांना त्या दोन तासांत सांभाळण्याची जबाबदारी उपासक-उपासिकांनी आळीपाळीने घ्यावी. दूर विद्यापीठात जाणाऱ्यासाठी कर्जाऊ निधी असावा. नवल भथेनांचे पाच हजार रुपये हे कर्जच होते, हे विसरू नये. आणि जयंतीच्या व्यासपीठावर पदवीधर विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर, पन्नाशीत वही हाती घेतलेल्या गुरुजींचाही सत्कार व्हावा, मग त्यांचा निकाल काहीही लागो.

सञ्जयाला लाज वाटली, कारण त्याच्या भोवती शिकणाऱ्या आचार्याला मान देणारा समाज नव्हता. कस्सपाला तो मिळाला, आणि शाहू महाराज, माता रमाई व एक विश्वासू मित्र यांच्या रूपाने बाबासाहेबांनाही काही अंशी मिळाला. संघाने तर आसनाचा नियम करून ती लाज घालविली होती. आपल्या विहारात पुढच्या वेळी एखादी तरुण मुलगी पालीचा पाठ देईल आणि तिच्या शाळेतील निवृत्तीस आलेले शिक्षक समोर सतरंजीवर बसतील, तेव्हा त्यांच्यासाठी खुर्ची आणण्याची घाई कोणी करू नये. ते धम्माच्या आदरापोटीच खाली बसलेले असतील.